धोट्याची जाळी

आमच्या घरात पाणी कधी स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नाही. पिंपातलं, तांब्यातलं, देवापुढच्या पंचपात्रातलंसुद्धा. ताटात वाढलेल्या आमटीवर बारीक बारीक लहरी उठत आणि जेवण संपेपर्यंत उठतच राहत. कामतघर भागातल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शेठचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, आणि त्याच्या डोक्यावर आम्ही भाडेकरू. खालून येणारा तो खडखडाट कानांनी ऐकायचा नसायचा, तो पायांतून वर चढायचा. मांडणीवरची भांडी दिवसभरात बोटभर पुढे सरकत, आणि आई दिवेलागणीला पदराने ती एकेक पुसून पुन्हा मागे ढकलायची. हे काम तिने कधी कोणाला सांगितलं नाही आणि कधी चुकवलंही नाही. आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो. माझा मामा पहिल्यांदा राहायला आला तेव्हा त्याला वाटलं, आपल्या बहिणीच्या घरी सकाळपासून भांडण चाललंय. आजही मी फोनवर बोलायला लागले की सून दार लोटून घेते. तिचं चूक नाही.

शुक्रवारी मात्र लूम बंद. त्या दिवशी सकाळी जाग यायची तीच दचकून, काहीतरी बिघडलंय असं वाटून. मग आठवायचं, की आज सुट्टी. त्या शांततेत कावळे ऐकू यायचे, शेजारच्या खोलीतला स्टो ऐकू यायचा, आणि आपण उगीचच ओरडून बोलतोय हे लक्षात येऊन आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. शुक्रवारी आई वालाचं बिरडं करायची. भिजवून मोड काढलेले वाल कोमट पाण्यात घालून परातीत ओतले, की घरातलं जे कोणी मोकळं असेल त्याने सोलायला बसायचं असा नियम होता. त्यातून आप्पाही सुटले नव्हते. आप्पा म्हणजे माझे वडील. गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शाळेत त्यांचा दरारा होता, घरी ते परातीपुढे मांडी घालून वाल सोलत असत.

दामू आमच्या घरी यायला लागला तो याच परातीपुढे. तो खालच्या कारखान्यात लूम चालवायचा. मूळचा वळ गावचा, शेतकऱ्याघरचा. लग्न नुकतंच झालं होतं, बायको जानकी गावीच होती. शाळा त्याने मधेच सोडली होती आणि आता बाहेरून अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, बसायचं त्याच्या मनात होतं. जिन्यात आप्पांना गाठून त्याने विचारलं होतं, "सर, मना गणित नि सायन्स जमंल का?" आप्पा म्हणाले होते, "जमतं की नाही ते बसल्याशिवाय कसं कळणार? शुक्रवारी ये." मग तो दर शुक्रवारी, आप्पा शाळेतून आले की, अंघोळ करून, केसांना पाणी लावून यायचा. तरी त्याच्या कानाच्या पाळीत आणि भुवयांत सुताचा कोंडा अडकलेला असायचाच. येताना गावाकडचं काहीतरी आणायचा. काकड्या, हातसडीचे तांदूळ, कधी शेवळांच्या रानभाजीची जुडी. आई म्हणायची, "अरे, तू शिकायला येतोस की बाजार घेऊन?" तो नुसता हसायचा आणि पुस्तक उघडण्याआधी परात पुढे ओढायचा. मीही त्या वर्षी तेच धडे शिकत होते, म्हणून मीही तिथे बसायचे. मला तो "ताई" म्हणायचा, मी त्याच्याहून कितीतरी लहान असून.

गतीचे नियम आप्पांनी त्याला शिकवले ते आईच्या लाटण्यावर. तो प्रयोग शुक्रवारशिवाय आमच्या घरी होऊच शकत नव्हता, कारण इतर दिवशी फरशीवर ठेवलेलं लाटणं आपोआप चालू लागायचं. आप्पांनी लाटणं शहाबादी फरशीवर ठेवलं. "बघ. मी काही केलं नाही तर हे इथेच राहणार." मग हलकेच ढकललं. लाटणं घरंगळत गेलं आणि भिंतीला लागून थांबलं. "का थांबलं?"

"भिंत आली म्हणून."

"आणि भिंत नसती तर?"

"थोडं पुढं जाऊन थांबलं असतं."

"ते का? फरशी खरखरीत आहे म्हणून. फरशी त्याला धरते. फरशी काचेसारखी असती, मधे हवासुद्धा नसती, तर ते थांबलं नसतं, दामू. सरळ रेषेत, त्याच वेगाने जात राहिलं असतं. वस्तू आपणहून थांबत नाही. आपणहून वळत नाही. कोणीतरी थांबवावं लागतं."

दामूच्या हातात अर्धवट सोललेला वाल होता. तो तसाच धरून तो भिंतीपाशी पडलेल्या लाटण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, म्हंजे धोटा."

लूम न पाहिलेल्यांसाठी सांगते. धोटा म्हणजे होडीसारखं निमुळतं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, पोटात सुताची कांडी. लूमवर उभे धागे ताणलेले असतात, आणि त्यांच्यामधून हा धोटा आडवा, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, नजर ठरणार नाही इतक्या वेगाने धावत असतो. एका बाजूचा दांडा त्याला फटका मारतो, दुसऱ्या बाजूची पेटी त्याला झेलते. पेटीने झेललं नाही, किंवा मधे धागा गुंतून त्याचं तोंड जरासं उचललं गेलं, तर तो लूममधून बाहेर उडतो. म्हणून समोर सळ्यांची जाळी बसवलेली असते.

"बरोबर," आप्पा खूश होऊन म्हणाले. "अगदी बरोबर. धोटा हे लाटण्यापेक्षा चांगलं उदाहरण आहे. पेटीने थांबवलं नाही तर धोटा सरळ जाईल."

"आमच्या जाळ्या काढल्यात, सर."

"कोणी?"

"मुकादमानं. धागा तुटला का जाळी मधे येते, हात घालाला येळ लागतो. कापड कमी निघतं म्हनं. काढून कोपऱ्यात टाकल्यात."

आप्पांचा चेहरा बदलला. ते दहा-बारा वर्षं त्या कारखान्याच्या डोक्यावर राहत होते आणि त्यांना हे माहीत नव्हतं. "मग मागून घे परत," ते म्हणाले. "सांग त्याला, जाळी लावून दे म्हणून. यात लाजायचं काय?"

पुढच्या शुक्रवारी दामू आला तो सांगतच आला. "मागितली, सर. मुकादमाला सगळं समजावून सांगितलं. धोटा आपनहून थांबत न्हाय, आमच्या सरांनी शिकवलंय, म्हटलं. तो हसला. म्हनला, मास्तर व्हायाला चालला काय? बगू पुढल्या हप्त्यात." दामूलाही हसू येत होतं. पुस्तकातली गोष्ट कारखान्यात नेऊन बोलून दाखवली याचा त्याला आनंद झाला होता. आप्पांनाही झाला होता. त्या दिवशी बिरड्यात आईने नारळ जास्त घातला होता, आणि दामूला आग्रह करकरून वाढलं होतं. त्या घरातल्या माझ्या आठवणींतलं ते शेवटचं हसतंखेळतं जेवण.

तो मंगळवार होता. शाळा सकाळची होती, मी घरी येऊन आईजवळ तांदूळ निवडत बसले होते. खालचा खडखडाट थांबत गेला. सगळे लूम एकदम थांबत नाहीत. आधी एक, मग शेजारचे, मग पलीकडची रांग. वीज गेली तर वेगळं, तेव्हा पंखाही थांबतो. पंखा फिरत होता. आईने सुपातला हात वर उचलला आणि छताकडे पाहिलं, जणू आवाज वरून यायचा होता. "आज शुक्रवार नाही," ती म्हणाली. हळू बोलायचं तिला सुचलं नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि ते वाक्य सबंध घरभर घुमलं.

आम्ही गॅलरीत गेलो. खाली कारखान्याच्या दारातून चौघे कोणाला तरी उचलून आणत होते. तोंडावर गमछा होता आणि तो गमछा लाल होत चालला होता. डोक्याशी रहमतचाचा होते, दामूच्या शेजारचा लूम चालवणारे, पिकल्या दाढीचे. त्यांनी वर पाहिलं आणि माझ्यावर ओरडले, "अंदर जाओ, बिटिया! मत देखो!" मी आत गेले नाही. दामूच्या पायांवरून मी त्याला ओळखलं, दर शुक्रवारी परातीपुढे पाहिलेले ते पाय होते, सुताच्या कोंड्याने पांढरे, आणि ते हलत होते. आई पायऱ्या उतरून धावली. तिच्या हातात निवडलेल्या तांदळाचं सूप तसंच होतं. धामणकर नाक्यावरून कोणीतरी टांगा आणला, दामूला त्यात घातलं, आणि तो गेला. मग लूम पुन्हा सुरू झाले. आधी एक, मग शेजारचे, मग पलीकडची रांग. संध्याकाळपर्यंत मांडणीवरची भांडी पुढे सरकली होती. त्या दिवशी आईने ती मागे ढकलली नाहीत.

उजवा डोळा गेला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे तो काढूनच टाकावा लागला. दुसऱ्या डोळ्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गावाहून जानकी आली. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. इस्पितळातून येता-जाता ती आमच्याकडे थांबायची. आई तिला जेवू घालायची, ती जेवायची, ताट घासून ठेवायची आणि निघायची. आप्पा घरात असले तर ती स्वयंपाकघराच्या बाहेर येत नसे.

त्याच सुमारास आमच्या वर्गात गतीचे नियम शिकवायची वेळ आली. वर्गावर आप्पाच होते. एरवी ते हातात खडू, गोटी, चेंडू काही ना काही घेऊन येत आणि मुलांना हसवत शिकवत. त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं आणि धडा वाचून दाखवला. फक्त वाचला. उदाहरण एकही दिलं नाही. तास संपायच्या आधीच त्यांनी पुस्तक मिटलं. मी पुढच्या बाकावर होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

भरपाईचा दावा ठाण्याच्या कामगार कचेरीत लागला. शेठच्या वतीने सांगण्यात आलं, की कारखान्यात जाळ्या होत्या. दामूने स्वतःच, काम लवकर उरकावं म्हणून, आपल्या लूमची जाळी काढून ठेवली होती. धोका पुरता ठाऊक असताना कामगाराने मुद्दाम जाळी काढली असेल तर मालकाची जबाबदारी उरत नाही, असं कायद्यात होतं म्हणे. जाळी दामूनेच काढली असं सांगायला मुकादम तयार होता, तेव्हा प्रश्न एवढाच राहिला होता, की धोका दामूला ठाऊक होता का. आणि ते सिद्ध करायला शेठच्या वकिलाने साक्षीदार म्हणून बोलावलं आप्पांना.

ते बोलावणं आलं तेव्हा आप्पांना वाटलं होतं, बरंच झालं. आपल्याला सगळं सांगता येईल. आदल्या दिवशी त्यांनी आईला दोनदा म्हणून दाखवलं, काय काय सांगणार ते. दिवाळीची सुट्टी होती. जानकीच्या सोबतीला म्हणून मलाही नेलं. कचेरीच्या लाकडी बाकावर आम्ही दोघी बसलो. मधे अर्धी फळी होती आणि फळीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. दामू आत होता, डोळ्यावर पांढरी पट्टी आणि अंगात लग्नातला सदरा.

वकील फार अदबीने बोलत होता. "सर, आपण या इसमाला विज्ञान शिकवत होतात?"

"हो."

"गतीचा नियम शिकवलात?"

"हो."

"समजला होता त्याला?"

मला वाटतं, वकील आपल्याला कुठे नेतोय ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पण शिक्षकाला हा प्रश्न विचारला तर तो दुसरं काय सांगणार? "चांगला समजला होता," ते म्हणाले.

"लूममधून धोटा सुटला तर तो सरळ बाहेर येईल, इजा करेल, हे आपण त्याला सांगितलंत?"

"त्यानेच मला सांगितलं."

"म्हणजे त्याला पूर्ण कल्पना होती."

"होती. म्हणूनच तर तो जाळी मागत होता! मुकादमाने काढलेली जाळी परत लावा म्हणून त्याने—"

"मागितली तेव्हा आपण तिथे हजर होतात?" हा दावा ऐकणाऱ्या साहेबांचा आवाज होता. आतापर्यंत त्यांच्या टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"नाही. पण त्याने मला दुसऱ्याच—"

"म्हणजे ऐकीव. ते राहू द्या. विचारलं तेवढंच सांगा."

"साहेब, पण जो मनुष्य धोका ओळखतो तो स्वतःच्या हाताने—"

"सर, तुम्ही शिकलेले आहात. विचारलं तेवढंच."

आतून पुढे काही ऐकू आलं नाही. कागदाची सळसळ झाली. आप्पांनी सही केली असावी. माझ्या शेजारी जानकी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसली होती. तिने मला विचारलं, "आपल्या बाजूचं झालं का न्हाय?" मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "मला कळलं नाही."

मुकादमाने साक्ष दिली. कारखान्यातलं दुसरं कोणी आलं नाही. रहमतचाचांनी आप्पांना जिन्यात थांबवून एवढंच म्हटलं होतं, "मास्टरसाब, मेरे तीन बेटे इसी शेड में हैं." निकाल यायचा तसाच आला. दावा फेटाळला. आप्पांचं नाव निकालात होतं, "विज्ञानाचे जाणकार शिक्षक" असं. तो कागद त्यांनी घरात ठेवला नाही. दामू आपल्या गावी, वळला, परतला. आणखी काही महिन्यांनी खालच्या कारखान्यात जाळ्या लागल्या. का लागल्या ते कोणी सांगितलं नाही.

पुढे आप्पा दर रविवारी वळला जाऊन दामूला शिकवत राहिले आणि दामू परीक्षेला बसला. विज्ञानात पास झाला, इंग्रजीत गेला, आणि पुन्हा बसला नाही. शेती केली. उरलेल्या डोळ्याने म्हातारपणापर्यंत साथ दिली नाही. हे सगळं खरं असलं, तरी आप्पांची आठवण निघाली की मला दिसते ती त्यांच्या वळच्या पहिल्या फेरीची दुपार. आप्पांना एकट्याने जायचा धीर होत नव्हता. म्हणून मला बरोबर घेतलं होतं.

भातं कापून झाली होती. दामू अंगणात बाजेवर बसला होता, उजवीकडून कोणी आलं की त्याला कळत नसे, म्हणून आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्याने पाहिलं नाही. पाहिल्यावर उठला. आप्पांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. वाटेत त्यांनी बोलायचं काहीतरी जुळवलं असणार, पण त्यातलं एकही वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी दामूच म्हणाला, "सर, नियम तीन हायेत ना? तिसरा कंचा?"

आप्पांनी त्याला सांगितला. एका वस्तूने दुसरीवर बल लावलं, की दुसरी पहिलीवर तेवढंच बल उलट दिशेने लावते. आपण भिंत ढकलली तर भिंत आपल्याला ढकलते.

दामू ऐकत होता. "तेवढंच? कमी न्हाय का जास्त न्हाय?"

"तेवढंच."

"म्हंजे धोट्यानं जेवढं मना मारलं, तेवढंच माज्या डोळ्यानं धोट्याला मारलं?"

आप्पांनी मान हलवली.

"धोट्याला तर काय झालं न्हाय, सर. दुसऱ्या दिशी तोच धोटा चालवला, रहमतचाचा सांगत व्हते."

"धोटा लाकडाचा, त्याला लोखंडी टोक. डोळा मऊ," आप्पा म्हणाले. शिकवताना लागायचा तोच आवाज होता, पण शब्दाशब्दाला थांबत होता. "बल दोघांना सारखंच. पण ज्याच्यावर ते लागतं ते... ते सारखं नसतं."

"बरोबर हाय," दामू म्हणाला. समजल्यावर तो नेहमी म्हणायचा तसंच.

जानकी दारात उभी होती. ती म्हणाली, "हे त्या सायबाला का न्हाय सांगितलं?"

आप्पा तिच्याकडे वळले. "त्यांनी बोलू दिलं नाही, बाई. विचारलं तेवढंच सांगा म्हणाले."

"त्यानं गप म्हटलं, नि तुमी गप झालात." आवाज चढलेला नव्हता. "मी भाइर बसले व्हते. मना ऐकू येत व्हतं."

अंगणात कोंबड्या सांडलेले दाणे वेचत होत्या. मग दामू म्हणाला, "जानके, सरांना पानी दे."

ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. आप्पांनी दोन्ही हातांनी तो घेतला, तोंडाला लावला, आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.